उघडल्याची तारीख

पेशींना रविवार कळत नाही.
दर दोन दिवसांनी त्यांचं गुलाबी पाणी बदलावं लागतं,
नाहीतर ते पिवळं पडत जातं,
म्हणजे उपाशी आहेत,
आपल्याच आंबटपणात बुडून बसल्यात.

म्हणून रविवारी मी निघते.
एमायोगीच्या दोन्ही काठांनी बर्फ धरलेला,
मधोमध पाण्याची काळी पट्टी अजून वाहती.
‘तासाभरात येते,’ म्हणते मी.
रायवो काही बोलत नाही.
न बोलण्यात तो अख्ख्या तार्तूत पहिला येईल,
आणि तार्तूत या गोष्टीत चुरस फार आहे.

मागच्या महिन्यात विद्यापीठाने आम्हाला बोलावलं होतं,
काम आणि घर यांचा समतोल कसा साधावा, ते शिकायला.
शनिवारी. सकाळी नऊला.
मुलांना आणू नये, असं खाली बारीक अक्षरात.
पडद्यावर एक तराजू काढलेला,
एका पारड्यात पुस्तक, दुसऱ्यात फुगा.

मला आमचा प्रयोगशाळेतला तराजू आठवला.
तो श्वासानेसुद्धा हलतो.
काचेचं दार लावून, हात मागे घेऊन
गप्प उभं राहायचं,
शेवटचा आकडा थरथरायचा थांबेपर्यंत.
बाहेर ट्रक गेला की पुन्हा पहिल्यापासून.
समतोल म्हणजे तेवढाच,
दोन ट्रकांच्या मधला.

माझं कंत्राट ऑगस्टपर्यंत.
अनुदानाचा अर्ज मंगळवारी, संध्याकाळी पाचला बंद होतो,
पाच म्हणजे ब्रसेल्सचे पाच,
म्हणजे आमचे सहा.
या एका तासावर मी किती वर्षं जगलेय!
पिरेतचा पहिला दात याच तासात पडला.
रायवोने तो काड्यापेटीत ठेवला,
वर काही लिहिलं नाही.
कुठला दात, कधीचा, कुणी काढला...
बिननोंदीचा नमुना. मी चिडले.
नंतर न्हाणीघरात जाऊन रडले,
कारण चिडायला मला तेवढंच सापडलं होतं.

त्या रविवारी एक डबी पिवळी निघाली.
मग दुसरी. मग शेजारच्या कपाटाचं तापमान.
मग लीनाचा फोन, तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण,
तीही रडत होती, तिला काय सांगणार,
की तासाभरात येते म्हणून आलेय?

घरी पोचले तेव्हा जिन्यातला दिवा विझलेला.
बूट हातात घेऊन आत गेले.
फ्रीज उघडला.
बटाटे, बीटाची कोशिंबीर, अर्धा मासा,
ताटलीवर दुसरी ताटली उपडी,
आणि वर चिकटपट्टी.
माझीच, प्रयोगशाळेतली, निळी.
सात वर्षांच्या अक्षरात,
‘र’ उलटा:

*एम्मे.
बनवलं: रविवार, साडेसहा.
फेकू नये.
उघडल्याची तारीख:*

आणि पुढे मोकळी जागा.

मी उभ्यानेच खाल्लं, गार.
बीटाने माशाला लाल केलं होतं.
मग पेन काढलं.
भिंतीवर बारा वाजून वीस मिनिटं.
अठरा वर्षं मी नोंदी ठेवतेय,
बुडालेल्या प्रयोगांच्यासुद्धा,
एकही आकडा कधी इकडचा तिकडे केला नाही.
मी लिहिलं: रविवार.
थोडं थांबून: पावणेबारा.
पावणेबारा खरं वाटतं.
साडेअकरा लिहिलं असतं तर संशय आला असता.

सकाळी दोघं गेलेली.
ताटली धुऊन पालथी घातलेली.
चिकटपट्टी टेबलावर,
चारही कोपरे नीट दाबून बसवलेली.
‘रविवार’वर लाल पेन्सिलीची एक रेघ,
पट्टीने मारलेली.
शेजारी: *सोमवार.*
खाली: *दार मी ऐकलं.*

आणि सही.